बंद दारांचा इतिहास

१

व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या नामांकित संस्थांच्या प्रवेशाचे निकाल जाहीर होऊं लागले म्हणजे सुशिक्षित कुटुंबांतून एक निराळ्याच प्रकारची शांतता पसरते. वर्ष-दीड वर्ष शिकवणीचे वर्ग करणारा मुलगा ताटावरून लौकर उठतो. आई त्याला फारसा आग्रह करीत नाहीं. वडील वर्तमानपत्रांत डोकें खुपसून बसतात. आणि शेजाऱ्यांकडून पेढे आले तर ते कोणीं हातीं घ्यावे, असा प्रश्न पडतो. छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे कालपरवांच्या औरंगाबादेंत, ही शांतता आतां इतर कोणत्याहि मोठ्या शहराइतकीच परिचयाची झाली आहे. चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखान्यांनीं या शहराला उद्योगाची गोडी लाविली, आणि त्या गोडीपाठोपाठ उद्योग चालविण्याचें शास्त्र मोठ्या संस्थेंत जाऊन शिकण्याची ओढहि घरोघर आली.

या निराशेची बोळवण करण्याच्या दोन रीति आपल्याकडे रूढ आहेत. पहिली रीति म्हणजे, ‘त्यांत काय एवढें मोठें आहे?’ असें म्हणणें. ज्यानें दोन वर्षांची झोप आणि बापाच्या मिळकतीचा एक मोठा हिस्सा या कामीं खर्चिला, त्याला हें वाक्य सांत्वन न वाटतां अपमानच वाटतो. दुसरी रीति म्हणजे थोर पुरुषांच्या अपयशांची जपमाळ ओढणें. अमुक नापास झाला आणि पुढें जगप्रसिद्ध झाला, म्हणून तूंहि होशील! या युक्तिवादांत एक उघड छिद्र आहे. जे नापास झाले आणि पुढें अज्ञातच राहिले, त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. त्यामुळें अपयशाचें पीक नेहमीं यशाचेंच येतें, असा खोटा भास होतो. विचारी मुलाला हें छिद्र लगेच दिसतें आणि सांगणाऱ्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

मग इतिहासाकडे या बाबतींत मुळींच जाऊं नये काय? जावें, पण दृष्टान्ताच्या शोधांत नव्हे, भेद समजून घेण्यासाठीं जावें. ‘प्रवेश नाहीं’ हे दोन शब्द सर्वत्र सारखे दिसत असले, तरी त्यांचा अर्थ एकच नसतो. कोठें नियमाची चूक असते, कोठें पाहणाऱ्याच्या डोळ्याची. कोठें जागाच थोड्या असतात, कोठें दार विशिष्ट माणसांसाठींच बंद ठेवलेलें असतें. आणि कोठें खरोखरच आपलें काम अपुरें असतें. ज्याला हा भेद कळला त्याला पुढें काय करावें हेंहि बहुधा कळतें. मराठवाड्याच्या शिक्षणाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या भेदाचा उत्तम पाठ आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वीं स्पर्धापरीक्षा या संस्थेची थोडी कुळकथा पाहिली पाहिजे.

२

गुणांच्या चढाओढीनें माणसें निवडण्याची पद्धति चीन देशांत तेराशें वर्षें चालली व १९०५ सालीं ती बंद झाली. तिच्या निराश उमेदवारांपैकीं दोघांचीं नांवें लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. सतराव्या शतकांतला पू सोंगलिंग हा पहिली पायरी तरुणपणींच चढला, पण प्रांतिक परीक्षेंत तो पुनःपुन्हां अडला. सारा जन्म त्यानें दुसऱ्यांच्या मुलांना शिकविण्यांत घालविला, आणि फावल्या वेळीं भुतांखेतांच्या व कोल्ह्यांच्या अद्भुत कथा लिहून ठेवल्या. त्या आज चिनी वाङ्मयाचा अलंकार मानल्या जातात. एकोणिसाव्या शतकांतला होंग शिउच्वान हाहि असाच वारंवार नापास झाला. आजारपणांत पाहिलेल्या स्वप्नांचा पुढें त्यानें असा अर्थ लाविला कीं, आपण ईश्वराचे पुत्र आहों; आणि १८५० पासून १८६४ पर्यंत त्यानें जें ताइपिंगचें बंड चालविलें, त्यांत कोट्यवधि माणसें मेलीं. निराशेला स्वतःचा असा स्वभाव नसतो. ती ज्या पात्रांत पडेल त्याचा आकार घेते, एवढाच बोध या दोन चरित्रांवरून घ्यावयाचा.

इंग्रजांनीं हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठीं खुली चढाओढ सुरू केली ती १८५५ सालीं. परीक्षा लंडनला होई. हिंदुस्थानांत ती देण्याची सोय व्हावयास १९२२ साल उजाडावें लागलें. म्हणजे कागदोपत्रीं दार सर्वांना उघडें, पण उंबरठा सहा हजार मैलांवर! असें असतां १८६९ सालीं चार हिंदी तरुण एकदम उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तीन बंगाली, आणि चौथे मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर. निकालाचा आनंद ओसरतो न ओसरतो तोंच बॅनर्जी आणि ठाकूर यांचीं नांवें वयाच्या कारणावरून यादींतून काढून टाकण्यांत आलीं. आपल्याकडे ‘सोळा वर्षांचा’ म्हणजे सोळावें चालू असलेला, असें म्हणण्याची चाल. साहेबांच्या हिशेबीं सोळा पुरीं झालेला तो सोळा वर्षांचा. या एका वर्षाच्या फरकामुळें दोघेहि मर्यादेबाहेर पडले. बॅनर्जी स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं लंडनच्या न्यायालयांत दाद मागितली, हिंदु कालगणनेचा पुरावा पुढें केला, आणि शेवटीं दोघांचींहि नांवें परत घ्यावीं लागलीं. येथें नकार नियमाच्या चुकीचा होता; त्यावरचा उपाय अश्रु नव्हे, अर्ज हा होता. याच सुरेंद्रनाथांना थोड्याच वर्षांनीं, १८७४ सालीं, त्या नोकरींतून काढून टाकण्यांत आलें, आणि मग ते शिक्षक व लोकनायक झाले, ही गोष्ट निराळी. एकदां जिंकलेलें दार पुन्हां बंद होत नाहीं, असें इतिहास कोठेंहि सांगत नाहीं.

आतां घराजवळचें उदाहरण घेऊं. धोंडो केशव कर्वे हे रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूडचे. १८७५ सालीं, सतरा वर्षांचे असतां, त्यांना मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यावयाची होती. पावसाळ्यामुळें समुद्राची वाट बंद. म्हणून गांवच्या सोबत्यांबरोबर ते कुंभार्ली घाट चढून शंभरावर मैल पायीं चालत साताऱ्यास गेले. परीक्षकमंडळाच्या अध्यक्षांनीं त्यांच्या लहानखुऱ्या देहाकडे पाहिलें आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, असें म्हणून त्यांस परत पाठविलें. वयाचा दाखला जवळ असूनहि उपयोग झाला नाहीं. पुढच्या वर्षीं कोल्हापुराहून ते तीच परीक्षा उतरले.

या प्रसंगाचें महत्त्व कर्वे पुढें महर्षि झाले यांत नाहीं. त्या दिवशीं साताऱ्याहून मुरूडास परत चालत जाणाऱ्या मुलाला आपण कोण होणार हें ठाऊक नव्हतें. त्याला ठाऊक होतें तें एवढेंच कीं, आपल्यांत जें उणें नव्हतें तें उणें ठरविलें गेलें. अशा वेळीं मनुष्य दोन गोष्टी करूं शकतो. परीक्षकाच्या डोळ्यांनीं तो स्वतःकडे पाहूं लागतो, किंवा परीक्षकाचा डोळा चुकला असें मनाशीं समजून पुढच्या वर्षीं पुन्हां येतो. कर्वे पुन्हां आले. आणि १९१६ सालीं त्यांनीं पुण्यास स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें, तेव्हां बाहेरचें रूप पाहून माणसाची योग्यता ठरवूं नये, हा धडा त्यांना कोणा ग्रंथांतून शिकावा लागला नव्हता.

३

मराठवाड्याकडे आलें म्हणजे नकाराचें तिसरें रूप दिसतें. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पांच मराठी जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होते. पुण्यास फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं उघडलें. पण गोदावरीच्या या तीरावरील मुलाला उच्च शिक्षणाची वाट दुर्मिळच राहिली. १९१७ च्या फर्मानानें हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. त्याचें शिक्षण उर्दू भाषेंतून चाले. हा प्रयोग केवळ निषेधानें पाहण्यासारखा नाहीं; इंग्रजीचा दरारा सर्वत्र असतां एका देशी भाषेंतून शास्त्रें शिकवितां येतात, हें त्यानें सिद्ध केलें, आणि त्यासाठीं भाषांतराचें प्रचंड काम उभें केलें. औरंगाबादेंत १९२३ सालीं उस्मानियाचें इंटरमीजिएट कॉलेज निघालें. उर्दूचे थोर पंडित मौलवी अब्दुल हक यांनीं त्याचें प्राचार्यपद भूषविलें, आणि त्यांच्या उर्दू संस्थेचें केंद्र कित्येक वर्षें याच शहरांत होतें.

परंतु ज्या मुलाची आई ओव्या मराठींत म्हणे, त्याच्या दृष्टीनें हा प्रयोग निराळा होता. इंग्रजीचा उंबरठा काढून तेथें दुसरा उंबरठा बसविला गेला होता. जो मुलगा मराठींत हुशार, तो वर्गांत गेल्यावर अडखळे, आणि ही अडखळण त्याच्या बुद्धीच्या नांवावर मांडली जाई. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगीचा अडसर. तरीहि औरंगाबादेंत १९१५ सालीं सरस्वती भुवन, आणि त्याच सुमारास अंबाजोगाईस योगेश्वरी, अशा शाळा लोकांनीं आपल्या हिंमतीवर चालविल्या. या शाळांचें कार्य केवळ अक्षरओळखीचें नव्हतें. तुमचें अडखळणें हें तुमचें मांद्य नव्हे, ही गोष्ट त्यांनीं एका पिढीला शिकविली.

१९३८ च्या अखेरीस या प्रकरणाला वेगळें वळण लागलें. वसतिगृहांतील प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांत आणि हैदराबादेस उस्मानियांत विद्यार्थ्यांनीं ती मानली नाहीं. परिणाम ठरलेलाच होता. शेंकडों विद्यार्थी वसतिगृहांतून आणि कॉलेजांतून काढले गेले. वर्ष मध्यावर आलेलें, फी भरलेली, परीक्षा जवळ आलेली. आणि संस्थानांत दुसरें विद्यापीठ नाहीं! प्रवेश न मिळण्याचें दुःख आज आपण पाहतों. हातीं आलेला प्रवेश गमावण्याचें दुःख त्याहून तीव्र असतें.

या विद्यार्थ्यांचें पुढें काय झालें? त्यांतील पुष्कळांनीं नागपूरची वाट धरली. १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु टी. जे. केदार यांनीं त्यांना आपल्याकडे सामावून घेतलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकीं एक. पण पुन्हां सांगावयाचें तें हेंच कीं, या गोष्टीचा नायक एक नरसिंह राव नव्हे. तिचा नायक म्हणावयाचा झाला तर तो नागपूरचा तो निर्णय होय. एका विद्यापीठानें दार लावलें असतां दुसऱ्यानें तें उघडलें, म्हणून शेंकडों मुलांचीं वर्षें वांचलीं. ज्यांच्या घरीं परप्रांतांतील राहणीचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, त्यांच्या वाट्याला तें उघडें दारहि आलें नसणार. धैर्य दोघांचें सारखेंच. परंतु एकाला वाट मिळाली आणि दुसऱ्याला नाहीं. अपयश पचविणें हा केवळ मनोधैर्याचा प्रश्न आहे, असें जे सांगतात, त्यांनीं हा भेद विसरूं नये. मनोधैर्याला टेंकावयास कांहींतरी लागतें: एखादें दुसरें कॉलेज, एखादा समजूतदार अधिकारी, चार महिन्यांचा खर्च सोसणारें एखादें घर.

४

औरंगाबादच्या शिक्षणेतिहासांत ज्या पुरुषाचें नांव अग्रभागीं येतें, त्याला बंद दारांचा अनुभव जन्मापासूनच होता. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या शाळेंतील पाण्याची आणि बसण्याची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. येथें त्यांच्या उच्च शिक्षणांतील दोन निराशा तेवढ्या पाहूं.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व तेथून १९१६ सालीं लंडनच्या अर्थशास्त्राच्या शाळेंत दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. वेगळ्या बोटीनें पाठविलेलें त्यांचें ग्रंथसाहित्य पाणतीराच्या माऱ्यांत समुद्राच्या तळाशीं गेलें. बडोद्यास नोकरी होती, पण राहावयास जागा कोणी देईना. मुंबईस त्यांनीं व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला. सल्लागार कोणत्या जातीचा हें कळतांच गिऱ्हाईकें फिरकेनाशीं झालीं. शेवटीं १९१८ सालीं त्यांना सिडनॅम कॉलेजांत अर्थशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. व्यापारी शिक्षणाचें हें आपल्या देशांतील आद्य कॉलेज, १९१३ सालीं स्थापन झालेलें. आजच्या व्यवस्थापनशाळांचें तें एका अर्थीं पूर्वज होय. तेथील पगारांतून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि एका मित्राचें कर्ज घेऊन, ते १९२० सालीं पुन्हां लंडनला गेले. तीन वर्षांपूर्वीं सोडलेलें पान त्यांनीं जेथल्या तेथें उघडलें.

दुसरी निराशा त्यानंतरची. रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध त्यांनीं १९२२ च्या ऑक्टोबरांत सादर केला. १९२३ च्या मार्चांत उत्तर आलें कीं, प्रबंध पुन्हां लिहावा. ब्रिटिश धोरणावरची त्यांतील टीका परीक्षकांना रुचली नव्हती. पैसे संपलेले, ते मुंबईस परतले. येथें बसून त्यांनीं प्रबंध पुन्हां लिहिला, ऑगस्टांत पाठविला, आणि नोव्हेंबरांत पदवी मिळाली. त्यांनीं मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहींत. या एका वाक्यांत नाकारलेल्या उमेदवाराला उपयोगी पडेल असें सारें शहाणपण सांठलें आहे. नकारांतून काय घ्यावें आणि काय घेऊं नये, हें ज्याला कळतें तो मोडत नाहीं आणि ताठतहि नाहीं.

अशा माणसानें पुढें जें केलें तें अधिक महत्त्वाचें आहे. स्वतःपुरतें दार उघडून ते आंत जाऊन बसले नाहींत. १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें. आणि मग त्यांची दृष्टि मराठवाड्याकडे वळली. नुकताच निजामी अमलांतून मुक्त झालेला हा प्रदेश, आणि पांच जिल्ह्यांतील मुलांना पदवीपर्यंतचें शिक्षण दुर्लभ! १९५० सालीं औरंगाबादेंत त्यांचें कॉलेज सुरू झालें. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें इमारतीची कोनशिला बसली. लेण्यांच्या डोंगराखालीं पसरलेल्या त्या माळरानाला पुढें नागसेनवन हें नांव मिळालें, आणि कॉलेजला मिलिंद. मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, आणि नागसेन म्हणजे त्याला उत्तरें देणारा भिक्षु. ज्या मुलांना आजवर प्रश्न विचारण्याचीहि मुभा नव्हती, त्यांच्या कॉलेजला प्रश्नकर्त्याचें नांव द्यावें, यांतील औचित्य सांगावयास नको. या कॉलेजांत दलित मुलांबरोबर मराठवाड्यांतील सर्व जातींचीं गरीब मुलें शिकलीं. पुढें २३ ऑगस्ट १९५८ रोजीं शहरांत स्वतंत्र विद्यापीठ झालें. १९९४ पासून त्याच्या नांवांत डॉ. आंबेडकरांचें नांव आहे.

५

आतां आजच्या मुलाकडे वळूं. व्यवस्थापनसंस्थांच्या सामाईक परीक्षेस, म्हणजे कॅटला, अलीकडे दरवर्षीं सुमारें तीन लाख उमेदवार बसतात. शंभरांपैकीं नव्याण्णवांना मागें टाकणारा मुलगाहि त्या गर्दींत सुमारें तीन हजारांच्या पाठीमागें उभा असतो. नव्याण्णव आणि अठ्याण्णव या दोन आंकड्यांमध्यें, बोलतांना सहज एक म्हणतों त्या अंतरांत, आणखी तीन हजार माणसें असतात. आणि गुणांत पाहिलें तर तें अंतर थोडक्याच प्रश्नांचें. अशा ठिकाणीं ओढलेली रेघ ही योग्यता आणि अयोग्यता यांच्यामधली रेघ नव्हे. बाकांची संख्या ठरलेली आहे, एवढेंच ती सांगते. बाकें कमी असलीं म्हणजे कोणीतरी उभें राहणारच. उभें राहिलेल्याचे पाय लुळे होते, असा त्याचा अर्थ कोणी करीत नाहीं.

म्हणून नकार हातीं आला म्हणजे पहिला प्रश्न असा विचारावा कीं, हा नकार कशाविषयीं बोलतो? तो नियमाच्या चुकीविषयीं बोलत असेल, तर सुरेंद्रनाथांप्रमाणें दाद मागावी. पाहणाऱ्याच्या घाईविषयीं बोलत असेल, तर कर्व्यांप्रमाणें पुढच्या वर्षीं पुन्हां यावें. कामाच्या उणीवेविषयीं असेल, तर मांडणी बदलावी. निष्ठा बदलूं नये. आणि तो केवळ जागांच्या टंचाईविषयीं बोलत असेल, तर दुसऱ्या गांवीं दुसरें दार आहे कीं नाहीं हें पाहावें. नागपूर कांहीं उस्मानियाहून कमी प्रतीचें नव्हतें. तें फक्त दुसरें होतें. या चारहि प्रकारांत एक गोष्ट नकार कधींच सांगत नाहीं, ती म्हणजे माणसाची किंमत. ती सांगितल्याचा भ्रम होतो तो घरांतल्या शांततेमुळें.

येथें वडीलधाऱ्यांचा भाग येतो. परीक्षेंत अडलेल्या मुलांनीं जीव दिल्याच्या वार्ता आतां इतक्या वारंवार येतात कीं, त्या वाचून पान उलटण्याची संवय आपल्याला लागूं पाहते आहे. अशा घरांत प्रेम नव्हतें, असें म्हणणें क्रूरपणाचें होईल. प्रेम असतें, पण तें निकालाच्या दिवशीं बोलत नाहीं, आणि न बोललेल्या प्रेमाचा अर्थ दुखावलेलें मन नेहमीं उलटाच करतें. १९३८ सालीं कॉलेजांतून काढून टाकलेल्या मुलाला निदान एवढें ठाऊक होतें कीं, माझ्यासारखे शेंकडों आहेत आणि आम्ही कांहीं गुन्हा केलेला नाहीं. आजच्या मुलाबरोबर लाखों आहेत, पण प्रत्येकजण आपल्या खोलींत एकटा आहे. त्याचें दुःख क्षुल्लक न मानतां, आणि थोरांच्या गोष्टी न सांगतां, त्याच्या शेजारीं बसून हा नकार कशाचा आहे तें त्याच्याबरोबर नीट वाचणें, एवढें घरच्या माणसांना करतां येईल.

आणि समाजाला करावयाचें तें याहून मोठें आहे. स्पर्धा तीव्र होते ती मुलें अधिक महत्त्वाकांक्षी झालीं म्हणून नव्हे. चांगलीं दारें थोडीं आणि मुलें पुष्कळ, म्हणून ती तीव्र होते. ज्या शहरांत एके काळीं इंटरपुढें शिकण्याची सोय नव्हती, तेथें आज विद्यापीठ आहे, विधि, वैद्यक, व्यवस्थापन अशा सर्व शाखांचीं कॉलेजें आहेत. हीं दारें आपोआप उघडलीं नाहींत. ज्यांना एकदां बाहेर उभें राहावें लागलें होतें, त्यांतल्या कांहींनीं तीं पाठीमागून येणाऱ्यांसाठीं उघडलीं. आज प्रवेश न मिळालेल्या मुलांपैकींच कोणी उद्यां अध्यापक होईल, कोणी कारखानदार, कोणी एखाद्या संस्थेचा चालक. त्या दिवशीं आपल्या हातीं आलेली यादी वाचतांना, रेघेखालच्या नांवांकडेहि त्याची दृष्टि थोडी रेंगाळली, तर या निराशेचें चीज झालें, असें म्हणतां येईल.